सुडोने सुरू केलेली कमांड स्क्रिप्टमधून थांबत नाही: हाताने थांबते, क्रॉनमधून नाही

"ताई, डिस्क परत भरली." जुलैत लागोपाठ तीन सोमवारी सकाळी हा फोन आला, आणि तिन्ही वेळा मी डोंबिवलीहून निघालेल्या गाडीत उभी होते. विक्रोळीला एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात आमचं ऑफिस आहे. तिथे कोपऱ्यात उबुंटू लिनक्स २४.०४ चं एक मशीन चोवीस तास चालू असतं. पाऊस लागला की आमची इंटरनेटची लाइन मधूनच तुटायची, आणि लाइन देणारे म्हणायचे, "आमच्याकडे सगळं ठीक दिसतंय." पुरावा हातात असावा म्हणून मी पायथनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. क्रॉनने (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) दर तासाला ती उठवायची, तिने सुडो वापरून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी युझरच्या अधिकाराने, टीसीपीडंप ही नेटवर्कचं ट्रॅफिक पकडणारी कमांड लावून दहा मिनिटं पॅकेट पकडायची आणि मग टीसीपीडंप बंद करायचा.

सुरू व्हायचं अगदी वेळेवर. बंद व्हायचं नाही. शनिवार-रविवार उलटेपर्यंत चाळीसच्या वर टीसीपीडंप एकाच वेळी चालू असायचे, आणि प्रत्येक जण आपापल्या फाईलमध्ये तेच ट्रॅफिक लिहीत असायचा. आठवड्याच्या इतर दिवशी हे दिसायचं नाही, कारण आमचा ज्युनियर रोज निघताना ते हाताने बंद करून जायचा. ते तसंच करायचं असतं अशी त्याची समजूत होती. त्याने मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

हीच अडचण टीसीपीडंपऐवजी ओपनव्हीपीएन, एनमॅप, एसट्रेस किंवा रूट लागणाऱ्या कुठल्याही लांब चालणाऱ्या कमांडला येते. वर्षभरात ओळखीच्या तिघांनी मला हेच विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते. कमांडची नावं आपण बोलताना घेतो तशी लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती नेहमीसारखीच टाइप करायची.

आधी डिस्क मोकळी करा

आमच्या ज्युनियरने पहिल्या सोमवारी मोठ्या फाईली डिलीट केल्या आणि तरी डिस्क किती भरली ते सांगणारं डीएफ वजा-एच शंभर टक्के दाखवत राहिलं. तो घाबरला, आणि त्यात त्याची चूक नव्हती. चालू प्रोसेसने फाईल उघडी धरली असेल तर डिलीट केल्यावर तिचं नाव जातं, जागा मात्र सुटत नाही. ती प्रोसेस मरेपर्यंत डिस्क अडकलेलीच राहते. अशा नाव गेलेल्या पण अजून उघड्या फाईली सुडो एलएसओएफ अधिक-मोठा-एल-१ ने दिसतात. त्यातले टीसीपीडंपचे पीआयडी (प्रोसेसचे नंबर) घेऊन त्यांना साधा टर्म सिग्नल, म्हणजे "आवरून थांब" अशी सूचना, द्या. वजा-नऊ, म्हणजे जागीच मारणारा किल सिग्नल, नको, त्याचं कारण खाली येईलच.

पण मारण्याआधी एक मिनिट थांबा आणि हे चालवा: पीएस वजा-इओ, आणि रकाने पीआयडी, पीपीआयडी (पालक प्रोसेसचा नंबर), पीजीआयडी (प्रोसेस ग्रुपचा नंबर), टीटीवाय (टर्मिनल), युझर, आर्ग्ज (अख्खी कमांड ओळ). आलेलं आउटपुट फाईलमध्ये ठेवा. माझं सगळं उत्तर त्या सहा रकान्यांत होतं आणि पहिल्या दोन सोमवारी मी ते पुसून टाकलं होतं.

एकाच ओळीच्या तीन आवृत्त्या

स्क्रिप्टमधली थांबवायची ओळ तीनदा लिहिली. प्रत्येक आवृत्ती वेगळ्या कारणाने फसली, आणि ही तिन्ही कारणं सगळीकडे भेटतात.

पहिल्यांदा मी पॉपेनला (पायथनमधून दुसरी कमांड सुरू करायची सोय) सुडो, टीसीपीडंप आणि बाकीचे पर्याय अशी यादी दिली होती आणि दहा मिनिटांनी टर्मिनेट, म्हणजे तिचंच टर्म सिग्नल पाठवणारं फंक्शन, बोलावलं होतं. पायथनने परमिशन एरर दिली, एररनो १, ऑपरेशन नॉट परमिटेड. इथे लक्षात घ्यायचं की पॉपेन जो पीआयडी देतो तो टीसीपीडंपचा नसतो, सुडोचा असतो. टीसीपीडंप हा सुडोचा मुलगा. आणि सुडो चालू झाल्याक्षणी रूटचा होतो. सामान्य युझरला फक्त आपल्याच युझर आयडीच्या प्रोसेसना सिग्नल पाठवता येतो. प्रोसेस तुम्हीच सुरू केलीत म्हणून कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सवलत देत नाही. सुडोने तुम्हाला सुरू करण्यापुरता अधिकार दिला. थांबवण्याचा अधिकार त्यात आलाच असं आपण मनाशी धरून चालतो, तो आलेला नसतो.

मी ती एरर ट्राय-एक्सेप्टमध्ये गुंडाळून पास, म्हणजे "काही करू नको", लिहिलं होतं. क्रॉनच्या लॉगमध्ये म्हणून काहीच आलं नाही. अशा ठिकाणी एरर गिळू नका, निदान एका फाईलमध्ये तरी उतरवा. त्या एका शब्दाने मला दोन आठवडे अंधारात ठेवलं.

दुसऱ्यांदा सरळ विचार केला: रूटला मारायला रूट लागतो, तर सुडो किल आणि पुढे तोच पीआयडी. पासवर्डचा प्रश्न येऊ नये म्हणून सुडोअर्समध्ये (सुडोच्या परवानग्यांची फाईल) नोपासवर्ड होतंच. टर्मिनलमध्ये स्क्रिप्ट हाताने चालवली, टीसीपीडंप छान थांबला. चार वेळा तपासलं, चारही वेळा थांबला. क्रॉनला लावली आणि सोमवारी पुन्हा फोन.

या समस्येतलं खरं गुपित इथे आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

सुडोला सिग्नल मिळाला की तो स्वतः मरत नाही, तो सिग्नल आपल्या मुलाकडे पाठवतो. त्याला एक अपवाद आहे. ज्या कमांडला तो चालवतो आहे तिच्याकडूनच, किंवा तिच्या प्रोसेस ग्रुपमधल्या (एकत्र धरलेल्या प्रोसेसच्या गटातल्या) कुणाकडून सिग्नल आला, तर सुडो तो पुढे पाठवत नाही. हा अपवाद विचार करूनच ठेवला आहे. काही सिस्टिमवर रीबूट कमांड स्वतःला सोडून सगळ्यांना टर्म पाठवते. सुडो रीबूट असं चालवलेलं असेल तर तो टर्म सुडोलाही मिळतो. सुडोने तो परत रीबूटकडे ढकलला असता तर रीबूट अर्ध्यातच मेला असता आणि मशीन धड चालू नाही धड बंद नाही अशा अवस्थेत लटकलं असतं.

आता आमच्या स्क्रिप्टकडे बघा. क्रॉनने पायथन उठवला. पायथनने सुडो टीसीपीडंप सुरू केला. दहा मिनिटांनी त्याच पायथनने सुडो किल सुरू केला. कोणीही नवा प्रोसेस ग्रुप मागितला नाही, म्हणून पीजीआयडीच्या रकान्यात सगळ्यांपुढे एकच आकडा. पहिल्या सुडोने पाहिलं की सिग्नल पाठवणारी किल आपल्याच ग्रुपमधली आहे, आणि सिग्नल टाकून दिला. किलने मात्र शून्य परत दिलं, कारण तिच्या दृष्टीने सिग्नल पोचला होता. एरर कुठेच नाही.

मग टर्मिनलमध्ये का चाललं? सुडोच्या १.९.१४ आवृत्तीपासून यूज-पीटीवाय हा पर्याय मुळातच चालू असतो, आणि २४.०४ वर त्यानंतरची आवृत्ती आहे. त्यामुळे टर्मिनलमधून चालवलेल्या प्रत्येक सुडो कमांडला स्वतःचं खोटं टर्मिनल आणि स्वतःचा प्रोसेस ग्रुप मिळतो. किल वेगळ्या ग्रुपमधून आली, सुडोने सिग्नल पुढे दिला, टीसीपीडंप थांबला. क्रॉनमध्ये टर्मिनलच नसतं, आणि टर्मिनल नसेल तर यूज-पीटीवायचा काही परिणाम होत नाही. पीएसच्या टीटीवाय रकान्यात प्रश्नचिन्ह दिसत असेल तर तुम्ही याच जागी अडकलेले आहात.

हे दर वेळी होईलच असंही नाही. सुडोने तपासेपर्यंत किल प्रोसेस पूर्ण संपून गेलेली असेल तर तिचा ग्रुप कळत नाही आणि सिग्नल पुढे जातो. त्यामुळे "कधी थांबतं, कधी नाही" अशी तक्रार कोणी केली तर ती खरी माना.

कंट्रोल-सीची गोष्ट वेगळी. ते दाबल्यावर सिग्नल तुमची शेल पाठवत नाही, कर्नल पाठवतो, टर्मिनलवर पुढे असलेल्या सगळ्या प्रोसेस ग्रुपला एकदम. कर्नलला कोणाची परवानगी लागत नाही. हाताने केलेली चाचणी म्हणूनच फसवते. स्क्रिप्ट तपासायची असेल तर ती क्रॉनमधूनच तपासा, दोन मिनिटांनी उठेल अशी ओळ लावून.

तिसरी आवृत्ती ज्युनियरने केली. मी गाडीत होते, डिस्क अठ्ठ्याण्णव टक्के, त्याने किलला वजा-नऊ जोडलं. स्क्रिप्ट लगेच पुढे सरकली आणि त्याला वाटलं जमलं. पण किल सिग्नल सुडोला पकडताच येत नाही, तर पुढे कसा देणार? सुडो जागीच मेला आणि टीसीपीडंप अनाथ झाला. पीपीआयडीच्या रकान्यात आता १ दिसू लागला, म्हणजे सिस्टमडीने (मशीनवरची पहिली प्रोसेस, जी सगळ्या सर्व्हिस सांभाळते) त्याला दत्तक घेतला. पायथनच्या हिशेबी काम संपलं, आणि टीसीपीडंप लिहीत राहिला. वजा-नऊ थेट टीसीपीडंपला दिला तर तो मरतो खरा, पण बफरमधली पॅकेट फाईलमध्ये उतरत नाहीत आणि फाईल मध्येच तुटते. पुरावा म्हणून जमवलेली फाईल अर्धवट निघाली तर एवढी धडपड कशासाठी केली?

थांबवण्याची सोय सुडोच्या आत

वेळ ठरलेली असेल तर सगळ्यात सरळ उपाय हा: सुडो वजा-एन टाइमआउट वजा-के १० ६०० टीसीपीडंप, आणि पुढे टीसीपीडंपचे पर्याय. टाइमआउट स्वतः रूट म्हणून चालतो, सहाशे सेकंदांनी टर्म देतो, आणखी दहा सेकंदांत मुलगा गेला नाही तरच किल देतो. तुमच्या स्क्रिप्टने कोणाला मारायचंच नाही, फक्त वाट बघायची. वेळ संपल्यामुळे थांबलं तर टाइमआउट १२४ परत करतो, त्याला स्क्रिप्टमध्ये चूक समजू नका.

क्रम उलटा करू नका. टाइमआउट ६०० सुडो टीसीपीडंप असं लिहिलं तर टाइमआउट तुमच्या युझरचा आणि सुडो रूटचा, म्हणजे पुन्हा पहिल्याच एररपाशी. मी पाहिलेल्या निम्म्या स्क्रिप्टमध्ये हा क्रम उलटाच होता.

वजा-एन विसरू नका. पासवर्ड लागला तर सुडो विचारत न बसता एरर देऊन बाहेर पडतो. एकदा दिलेला पासवर्ड उबुंटूवर साधारण पंधरा मिनिटं लक्षात राहतो, म्हणून पाच मिनिटांची चाचणी पास होते आणि अर्ध्या तासाची स्क्रिप्ट शेवटच्या सुडोपाशी अडकते. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून वजा-मोठा-एसने सुडोला पाजण्याचा मार्ग कृपा करून घेऊ नका. ती फाईल बॅकअपमध्ये जाते, पेनड्राइव्हवर जाते, आणि पासवर्ड तिच्याबरोबर फिरतो.

टीसीपीडंपला स्वतःचाही वेळेचा पर्याय आहे, मोठा जी आणि मोठा डब्ल्यू. मी आधी तोच लावला होता. पण टीसीपीडंप घड्याळ बघतो ते नवं पॅकेट आल्यावर, आणि आमची तर लाइनच तुटलेली असायची. पॅकेट आलं नाही तर तो बंद होत नाही.

नोपासवर्ड देताना हात आखडता ठेवा

टाइमआउटला सरसकट नोपासवर्ड दिलं तर अख्खा रूट दिल्यासारखंच आहे, कारण टाइमआउट कुठलीही कमांड चालवतो. टीसीपीडंपचंही तेच: त्याच्या छोट्या झेड पर्यायाने दुसरा प्रोग्रॅम चालवता येतो आणि छोट्या डब्ल्यूने कुठलीही फाईल पुसून लिहिता येते. सरसकट किल दिलं तर मशीनवरची कोणतीही प्रोसेस मारता येते. मी हे तिन्ही काही आठवडे उघडे ठेवले होते आणि ते आठवलं की अजून अस्वस्थ व्हायला होतं.

त्याऐवजी रूटच्या मालकीची एक छोटी शेल स्क्रिप्ट यूएसआर-लोकल-एसबिनमध्ये ठेवा. तिने एकही पर्याय घ्यायचा नाही, इंटरफेस आणि फाईलची जागा तिच्यातच लिहिलेली, आणि शेवटची ओळ एक्झेक टाइमआउट अशी. लिहिण्याची परवानगी फक्त रूटला. नोपासवर्ड फक्त तिच्या पूर्ण पाथला. सुडोअर्स-डॉट-डी मधल्या फाईलच्या नावात टिंब ठेवू नका, नावात टिंब असलेली फाईल सुडो काही न सांगता वगळतो. बदल केल्यावर व्हीआयसुडो वजा-सीने तपासून घ्या.

मधेच थांबवायचं असेल तर

वेळ ठरलेली नाही, बटण दाबल्यावर थांबायला हवं, अशा ठिकाणी पॉपेनमध्ये स्टार्ट-न्यू-सेशन ट्रू करा. शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर. मग सुडो आणि टीसीपीडंप वेगळ्या ग्रुपमध्ये जातात आणि नंतरचा सुडो किल टाकून दिला जात नाही. नुसतं टर्मिनेट तरीही चालणार नाही, तिथे अधिकाराची अडचण तशीच आहे. बॅशमध्ये हेच काम स्क्रिप्टच्या वर सेट वजा-एम लिहून होतं, त्याने बॅकग्राउंडला सोडलेल्या प्रत्येक कमांडला स्वतःचा ग्रुप मिळतो. ट्रॅप (सिग्नल आल्यावर काय करायचं ते सांगणारी ओळ) वापरत असाल तर लांब कमांड बॅकग्राउंडला सोडून वेट करा, कारण पुढे चालू असलेली कमांड संपेपर्यंत बॅश ट्रॅपकडे वळत नाही.

पीकिल वजा-एफ टीसीपीडंप हा नावावरून प्रोसेस मारण्याचा शॉर्टकट खूप जण सुचवतात. मला तो मान्य नाही. वजा-एफ अख्खी कमांड ओळ जुळवतो, आणि सुडो पीकिल वजा-एफ टीसीपीडंप या ओळीतच टीसीपीडंप हा शब्द आहे. पीकिल स्वतःला सोडतो, पण त्याला चालवणाऱ्या सुडोला सोडत नाही. शिवाय शेजारच्या टेबलावर कोणी वेगळं कॅप्चर लावून बसलं असेल तर तेही जातं.

एसएसएचवरून दुसऱ्या मशीनवर सुडो टीसीपीडंप लावला आणि इकडे कंट्रोल-सी दाबलं, तर तिकडे टर्मिनल नसल्याने तो चालूच राहतो. एसएसएचला वजा-टी द्या.

मी शेवटी काय केलं

कॅप्चरमधून सुडोच काढून टाकला. कॅप्चरसाठी सिस्टमडीची एक सर्व्हिस आणि एक टायमर केला. सर्व्हिस एका वेगळ्या, लॉगिन नसलेल्या युझरने चालते. तिला अँबियंट-कॅपेबिलिटीज या, रूट न करता ठरावीक अधिकार देणाऱ्या सेटिंगमधून कॅप-नेट-रॉ आणि कॅप-नेट-अ‍ॅडमिन एवढ्या दोनच परवानग्या आहेत, कारण पॅकेट पकडायला तेवढ्या पुरतात. रनटाइम-मॅक्स-सेक ६०० ठेवलं आहे. दहा मिनिटं झाली की सिस्टमडी त्या सर्व्हिसच्या कंट्रोल ग्रुपमधल्या सगळ्यांना टर्म देतो, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये नव्वद सेकंद वाट बघून मग किल. पीआयडी जपून ठेवायला नको, तो पीआयडी मधल्या काळात भलत्याच प्रोसेसला गेला असेल ही भीती नको. मधेच थांबवायला सिस्टमसीटीएल स्टॉप पुरतं, आणि सुडोअर्समध्ये नेमकी तीच एक ओळ ज्युनियरसाठी उघडी आहे. वेळ संपून थांबलेली सर्व्हिस फेल्ड अशी लाल दिसते. ते तसंच अपेक्षित आहे, त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं.

टीसीपीडंपला सेटकॅपने थेट परवानगी देण्याचाही मार्ग आहे. मग तो तुमच्याच युझरने चालतो आणि साधं टर्मिनेट काम करतं. पण पॅकेज अपडेट झालं की ती परवानगी निघून जाते आणि स्क्रिप्ट एके दिवशी अचानक बंद पडते, म्हणून मी तो टाळला.

जागेचा हिशेबही तेव्हाच केला, जो पहिल्या दिवशी करायला हवा होता. शंभर एमबीपीएसची लाइन पूर्ण भरून वाहिली तर सेकंदाला साडेबारा एमबी, म्हणजे तासाला पंचेचाळीस जीबी, आणि हे एकाच टीसीपीडंपचं. आम्हाला लाइन कधी तुटली एवढंच हवं होतं, त्यासाठी पॅकेटचं डोकं, म्हणजे सुरुवातीचा हेडर, पुरतं. छोट्या एस पर्यायाने ९६ बाइट ठेवले आणि फाईली लहान झाल्या.

आता ज्युनियर निघताना पीग्रेप वजा-सी टीसीपीडंप चालवून किती टीसीपीडंप चालू आहेत ते मोजतो. वेळेप्रमाणे शून्य किंवा एक यायला हवा. दोन आला तर काहीही न मारता आधी तेच सहा रकाने फाईलमध्ये उतरवायचे आणि मग मला फोन करायचा, असं आमचं ठरलं आहे.